अळणी घरातला कासार

सासरच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं त्या दिवशी माझा हात सगळ्यात आधी धरला तो सोपान कासाराने. लग्नातला चुडा माहेरचा असतो, पण सासरी आल्यावर गावच्या कासाराकडून आणखी दोन बांगड्या चढवून घ्यायच्या, अशी आमच्या सासरची रीत. मी ओसरीवर पदर सावरून बसले. समोर गाल आत गेलेला, पटका कसाबसा गुंडाळलेला एक माणूस गाठोडं सोडून बसला. वय तिशीच्या आसपास असेल, पण दिसायला पन्नाशीचा. त्याने माझा हात घेतला, अंगठा आत मुडपला आणि म्हणाला, "बोटं सैल सोड, माय. हात तुझा न्हाई, माझा हाय असं समज." पहिली बांगडी कधी चढली ते कळलंसुद्धा नाही. दुसरी हाताच्या हाडापाशी आली आणि थांबली. थांबली ती थांबलीच. मी भीत भीत वर पाहिलं, तर कासार बसल्या बसल्या झोपला होता. माझा हात तसाच त्याच्या हातात.

नवरीचा हात धरून कासार झोपला, हे माझ्या माहेरी घडलं असतं तर बायका पुढच्या पोळ्यापर्यंत हसल्या असत्या. इथे कुणी हसलं नाही. सासूबाई पुढे आल्या, त्याच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाल्या, "सोपाना, एवढी एक चढव आन् जा घरी." त्याने डोळे उघडले, बांगडी चढवली. सासूबाईंनी सुपातली मूठभर ज्वारी त्याच्या धोतराच्या सोग्यात टाकली. मी रीतीप्रमाणे पाया पडले. तो गाठोडं उचलून निघून गेला.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमचं गाव सेनगावच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. सोपानचं घर आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत. त्या भिंतीत आरपार कोनाडा होता. त्यातून निखारे, विरजण आणि एकमेकींच्या घरातली भांडणं सुखाने ये-जा करत. आमच्याकडून तिकडे सगळं जाई, फक्त शिजलेलं काही द्यायचं नाही, असं सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. "काहून, आत्याबाई?" मी विचारलं. मला वाटलं, जातपात आडवी येत असेल. त्या म्हणाल्या, "त्या घरात मीठ न्हाई."

मला वाटलं, संपलं असेल.

चार दिवसांनी त्या कोनाड्यातून एक तोंड माझ्याकडे बघू लागलं. सहा वर्षांची पोरगी असेल. तोंड सुजलेलं, डोळ्यांच्या नुसत्या चिरा. तिने आधी मला नीट पाहून घेतलं आणि मग आतल्या बाजूला वळून ओरडली, "ओ कासारदादा, नव्या वहिनी आपल्याकडं बघून राहिल्यात!" मागून सोपानचा आवाज आला, "बघू दे. तू खाली बस." स्वतःच्या बापाला पोरगी कासारदादा म्हणते हे ऐकून मी हातातलं कालवण ढवळायचं विसरले.

त्याचं कारण आत्याबाईंनी मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं. सोपानचे दोन मुलगे पाळण्यातच गेले. तिसऱ्या खेपेला ही मुलगी झाली. चौथ्या बाळंतपणात बायको गेली, बाळही गेलं. राहिली एवढी एक. ती चालती-बोलती झाली आणि अंगावर सूज यायला लागली. आधी डोळे, मग पाय, मग पोट. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा तो भरून यायचा नाही. सोपानने तिला खांद्यावर घालून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी तपासून मूत्रपिंडाचा आजार सांगितला, "गुर्दे की बीमारी. नमक बंद. बिल्कुल बंद." सोपानने विचारलं, किती दिवस? साहेब म्हणाले, "जब तक है, तब तक." हे सोपान पुढे कितीदा तरी सांगायचा. "जोवर हाय तोवर, म्हणाले. काय हाय तोवर, बिमारी का पोरगी, हे इचारायची मला हिंमत झाली न्हाई."

मग त्याने दुसराही उपाय केला, तो गावाचा. ज्याच्या घरी लेकरं टिकत नाहीत त्याने आपलं लेकरू दुसऱ्याच्या ओटीत घालायचं. लेकरू सुपात बसवायचं, सूप दुसऱ्या बाईने घ्यायचं आणि बदल्यात मूठभर धान्य द्यायचं. नाव बदलून दगडाधोंड्याचं ठेवायचं. लेकरू राहतं आपल्याच घरी, पण त्या दिवसापासून म्हणायला तिचं. लेकरं नेणारी सटवाई त्या घरात शोधत आली तर तिला म्हणायचं, आमचं कुणी नाही बाई इथे. लग्न ठरलं की पुन्हा सूप घेऊन बसायचं, मूठभर धान्य परत करायचं आणि आपलं लेकरू आपण मागून घ्यायचं. सोपानने आपली मुलगी आत्याबाईंच्या ओटीत घातली, आत्याबाईंनी मूठभर ज्वारी दिली आणि पोरीचं नाव धोंडी झालं.

गावात अशी आणखीही लेकरं होती. त्यांचे आईबाप वर्ष-सहा महिन्यांत विसरून जात आणि "आमचा दगडू" म्हणून हाका मारत. सोपान विसरला नाही. त्याने पोरीला कधी "बाबा" म्हणू दिलं नाही आणि स्वतः कधी "माझी पोरगी" म्हणाला नाही. आत्याबाईंशी बोलताना तो "तुमची लेक" म्हणायचा. "तुमची लेक आज जेवली." "तुमच्या लेकीचा डोळा आज उघडला." तिला नवी बांगडी चढवली की आमच्या दारात येऊन सोगा पसरायचा आणि आत्याबाईंनी मूठभर ज्वारी टाकल्याशिवाय हलायचा नाही, कारण परक्याच्या लेकीला फुकट बांगडी कोणता कासार देईल? आत्याबाई चिडायच्या. "आरं, एवढं कोण बघून राहिलंय?" तो म्हणायचा, "ते आपल्याला काय ठावं?"

"कसं काय चाललंय, सोपानदादा?" असं कुणीही विचारलं की त्याचं एकच उत्तर असे. "फसवून राहिलो, झालं."

फसवायची त्याची कला मी कोनाड्यातून पाहिली आहे. सकाळी उठून तो वरण शिजवायचा. त्यात मीठ नाही. चिंच जास्त, लसूण ठेचून, वर जिऱ्याची फोडणी. "आंबट झालं की जीभ फसती," तो म्हणायचा. जीभ फसायची नाही. धोंडी पहिला घास घेऊन थाळी सरकवायची आणि तो एकेक घास तिच्या तोंडाशी नेत बसायचा. मग उरलेलं तो खायचा. स्वतःपुरतं चिमूटभर मीठ वरून घ्यायला काय हरकत होती? पण घरात मीठ ठेवलं तर पोरगी शोधून काढायची. एकदा तिने गाठोड्यात लपवलेली पुडी हुडकली होती. तेव्हापासून त्या घरात मिठाचा खडा आला नाही. मोठा धडधाकट माणूस, उन्हातानात गावं पालथी घालणारा, वर्षानुवर्षं अळणी जेवला. लोक म्हणत, धन्य तो बाप. मला हे धन्य-बिन्य ऐकलं की राग येतो. तो धन्य वगैरे काही नव्हता, दमलेला होता. धन्य म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्याची पोर दिवसभर सांभाळलेली मला आठवत नाही.

रोज सकाळी तो एक ठरलेलं काम करायचा. खुंटीला एक हिरवी बांगडी टांगलेली असे, बिन नक्षीची. ती तो धोंडीच्या हातात चढवून बघायचा. अलगद गेली, की दिवस बरा. हाडापाशी अडली, की सूज येतेय. तिथपर्यंतही गेली नाही, की त्या दिवशी धंदा बंद. इतरांना सूज डोळ्यांवर दिसायची तोवर याला ती हातावर कळलेली असे. आम्हीही कोनाड्यातून बांगडीच विचारायचो. "सोपानदादा, गेली का?" आतून आवाज यायचा, "गेली." किंवा आवाजच यायचा नाही.

बांगडी गेलेल्या दिवशी तो धंद्याला निघायचा. एका खांद्यावर बांगड्यांचं गाठोडं, दुसऱ्यावर धोंडी. चालवलं की तिचे पाय सुजत, म्हणून उचलून. वाटेवरच्या वस्त्यांवर, तांड्यांवर जायचा. तांड्यावरच्या बाया त्याच्याकडून काचेची कमी घेत, पण पोरीला सावलीत घेऊन बसत. एकदा परत आल्यावर तो ओसरीवर टेकला आणि स्वतःशीच हसायला लागला. आत्याबाईंनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "तुमची लेक लई चाबरी हाय. मला वाटायचं खांद्यावर बसून माझी पापी घेती. तसं न्हाई. घाम चाटती मानेवरचा. खारट लागतो ना." आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून तो तिला खांद्यावर घ्यायच्या आधी मान धुऊन घ्यायचा आणि वाटेत जिथे विहीर लागेल तिथे पुन्हा.

त्याने दुसरं लग्न करावं म्हणून गावाने कमी खटपट केली नाही. एकदा कळमनुरीकडचे पाहुणे आले. मुलगी बिजवराला द्यायला तयार होते. आत्याबाई म्हणाल्या, जेवण आमच्याकडे होऊ दे. सोपान ऐकेना. "माझ्या घरी लेक द्यायची तर माझ्या घरचं खाऊन बघू द्या," म्हणाला. त्याने पाहुण्यांना अळणी पिठलं आणि अळणी वांगं वाढलं. पहिल्या घासाला पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या घासाला त्यातल्या म्हाताऱ्याने दबक्या आवाजात मीठ मागितलं. सोपान हात जोडून म्हणाला, "मीठ न्हाई, मामा. तुमची पोरगी आली तरी न्हाई यायचं. तिनं च्योरून खाल्लं तर मी काही म्हणणार न्हाई, पण घरात ठिवता यायचं न्हाई." पाहुणे पाणी पिऊन उठले. जाताना म्हातारा आत्याबाईंना म्हणाला, "माणूस खरा हाय हो, पण आमची पोरगी माणूस हाय." मला त्या म्हाताऱ्याचा राग आला नाही. खरंच बोलला तो.

नंतर मी सोपानला विचारलं, "इतकं तोंडावर कशाला सांगायचं?" तो म्हणाला, "वहिनी, दोघांना फसवून राहिलो, एक सटवाई आन् एक ही पोरगी. तिसऱ्याला फसवायची ताकद न्हाई राहिली."

त्याच्या ताकदीचा तळ आम्ही एकदा पाहिला. महाशिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत तो बांगड्या घेऊन गेला होता, पोरगी बरोबर. जत्रा म्हणजे कासाराचे दिवस. बायकांची रीघ लागलेली आणि शेजारी भज्यांची कढई. धोंडी सकाळपासून रडत होती. हट्टाने नाही, नुसती हळू आवाजात, थांबेच ना. दुपारपर्यंत त्याने ऐकलं. मग उठला, पानावर भजी घेतली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. तिने सगळी खाल्ली. पानसुद्धा चाटलं.

तिसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला तेव्हा पोरगी त्याच्या हातांवर आडवी होती आणि ओळखू येत नव्हती. डोळे पार मिटलेले, पोट तटतटलेलं, श्वास घ्यायला त्रास. त्याच्या एका मुठीत ती हिरवी बांगडी होती. "बोटांच्या म्होरं जाऊन न्हाई राहिली," तो म्हणाला. मग खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. भजी कशी दिली, का दिली. "मला ठावं होतं, आत्याबाई. भजी घेतानी ठावं होतं. पन म्हनलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ द्या. तिचं बी सुटंल, माझं बी सुटंल. असं म्हनलो मी. ह्या तोंडानं." आणि तो आपल्या तोंडात मारून घ्यायला लागला.

माझ्या आत्याबाई तशा मऊ बाई नव्हत्या. सुनेला भाकरी थापताना हाताचा आवाज कमी आला तरी बोलायच्या. मला वाटलं, आता याची धडगत नाही. त्यांनी आधी त्याचा हात धरला. मग पोरगी त्याच्याकडून घेतली, माझ्या मांडीवर दिली, उशाशी उंच गाठोडं द्यायला सांगितलं. आणि त्याला म्हणाल्या, "सोपाना, ही लेक कुणाची?"

त्याने मान वर केली.

"बोल की. सुपातून कुनी घेतली? ज्वारी कुनी दिली?"

"तुमी."

"मग माझी लेक मरंल न्हाई तर जगंल, माझं मी बघीन. तू कासार हायस. कासारानं परक्याच्या लेकीसाठी तोंडात मारून घ्यायची काही गरज न्हाई. हात धू आन् जेवायला बस."

त्यांनी त्याला स्वयंपाकघराच्या दारात बसवलं आणि भाकरी, मिरचीचा ठेचा, मीठ घातलेलं तुरीचं वरण वाढलं. तो नको नको म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही. पहिला घास तोंडात गेला आणि तो थांबला. मग खायला लागला, भुकेला माणूस खातो तसा, घाईघाईने. खाता खाता रडायला लागला. मला वाटलं, पोरीसाठी रडतोय. तो म्हणाला, "आत्याबाई, गोड लागून राहिलंय हो." आपल्याला जेवण गोड लागतंय याचीच त्याला लाज वाटत होती. जेवून तो तिथेच भिंतीला टेकला आणि दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर येईपर्यंत झोपला.

धोंडी त्या खेपेला वाचली. दवाखान्यात नेली, कितीतरी दिवस तिथे पडून होती, पण वाचली. त्यानंतर आत्याबाईंनी एक नियम घातला. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पोरगी आमच्या घरी आणि त्या दिवशी आमच्याही घरात सगळं अळणी शिजवायचं, कुणी वरून मीठ घ्यायचं नाही. माझे यजमान कुरकुरले. आत्याबाई म्हणाल्या, "एक दिवस अळणी खाल्लं तर मिशा गळत न्हाईत." सोपान त्या दिवशी बाजार करून यायचा आणि दारातूनच पोरीला बघून, आत न येता, घरी जाऊन झोपायचा. हळूहळू त्याचं बसल्या जागी झोपणं कमी झालं. पूर्ण गेलं नाही.

वर्षं अशीच गेली. सूज येई, जाई. पोरगी वाढेना. बरोबरीच्या पोरी परकर नेसायला लागल्या तरी ती तेवढीच, आणि खुंटीवरची बांगडीही तीच. मग रझाकारांचं वर्ष आलं. नदीकाठची गावं रिकामी व्हायला लागली. आम्हीही गाडीत बसेल तेवढं घेऊन पैनगंगा ओलांडली आणि वऱ्हाडात गेलो. तिथे एका आमराईत आसपासच्या गावांची माणसं एकत्र राहिली होती. स्वयंपाक एकत्र, मोठ्या हंड्यात. सोपानने बांगड्यांचं गाठोडं कडब्याच्या गंजीत पुरून ठेवलं होतं. बरोबर आणली होती फक्त ती हिरवी बांगडी, फडक्यात बांधून, कमरेला.

त्या आमराईत तो दोन्ही वेळा वाटी घेऊन हंड्यापाशी उभा राहायचा. "दादा, मीठ टाकायच्या आधी एवढी वाटी काढू द्या." रांधणारा तोंडाचा फटकळ होता. "सरकारचा जावई हायस का? सगळ्यांना एक, तुला येगळं?" सोपान भांडायचा नाही. उभा राहायचा. धुरात डोळे पुसत, रोज. काही दिवसांनी मी ऐकलं, तोच रांधणारा झाडाखालून हाक मारत होता, "ओ कासारदादा, वाटी आना, मीठ टाकून राहिलो!" पुढे तर तो सोपान येईपर्यंत मिठाची मूठ हातात धरून थांबायचा.

राज्य बदललं, आम्ही गावी परतलो. घराची दारं मोडली होती, कोनाडा तेवढा शाबूत होता. भिंती लिंपत होतो त्या दिवसांत एका सकाळी सोपान हातातली बांगडी पुढे धरून आमच्या अंगणात आला. चेहरा पांढरा. "आत्याबाई, बांगडी अडली. कालपरवापासून अडून राहिली. आज तर बोटांच्या म्होरंच जाईना." मागच्या सगळ्या सुजा मला आठवल्या. त्याने पोरीला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. हिंगोलीला न्यायला गाडी मागायला आला होता.

आत्याबाई आता काठी टेकत चालायच्या. त्या भिंतीला धरून त्याच्या घरी गेल्या, मी मागे. धोंडी चुलीपाशी बसली होती, भुकेने वैतागलेली. आत्याबाईंनी तिचा परकर घोट्यापासून वर सारला आणि नडगीवर अंगठा दाबला. काढला. खड्डा नाही. पुन्हा दाबला. नाही. त्यांनी तिला उजेडात उभं केलं. डोळे स्वच्छ, गाल घट्ट. इतकी वर्षं न वाढलेली पोरगी वर्षभरात जवळजवळ माझ्या खांद्याला आलेली.

"सोपाना," आत्याबाई म्हणाल्या, "गावातल्या समद्या पोरींची मापं तुला तोंडपाठ. आन् घरातली मोठी झाली ते दिसंना व्हय रे तुला?"

त्याला पटलं नाही. तो तिला घेऊन हिंगोलीला गेलाच. तिथे दुसरे डॉक्टर होते. त्यांनी तिची लघवी काचेच्या नळीत तापवून पाहिली, पुन्हा पाहिली आणि सांगितलं, आजार गेला आहे. आता हळूहळू थोडं मीठ द्यायला हरकत नाही. धोंडीने परत आल्यावर कोनाड्यातून हात पुढे केला. मी तिच्या तळव्यावर मिठाचा एक खडा ठेवला. तिने जिभेवर धरला आणि तोंड वाकडं केलं. "शी, वहिनी! हे असंच असतंय?" इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते तिला आता आवडेना. सोपानच्या घरात मात्र मीठ आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही सांगितलं. तो म्हणायचा, "बघू. जरा दम धरा." आणि रोज सकाळी बांगडी चढवून बघायचा. आता मोठ्या मापाची एक आणून खुंटीला टांगली होती.

त्याच हिवाळ्यात धोंडीचं लग्न ठरलं. वसमतकडचं कासाराचंच घर, मुलगा धंद्यातला. सोपानने सगळं सांगून टाकलं, आजारापासून अळणी वरणापर्यंत. मुलाची आई म्हणाली, आमच्याकडे सासऱ्याला रक्तदाब का काय आहे, एक वाटी आधीच काढतो, दुसरी काढू.

आता सूप परत करायची वेळ होती. आत्याबाई दिवस मोजत होत्या, स्वतःचे. "माझ्या ओटीत कुठवर ठिवतू? मी गेल्यावर कुनाकडून मागशील?" तो टाळत राहिला. हळद होऊ द्या, म्हणाला. मग म्हणाला, अक्षता पडू द्या. "कन्यादान बापानं करायचं असतंय, सोपाना." "चुलत भाऊ हाय ना. तो करील."

लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायचा होता. आमच्याच ओसरीवर धोंडी पाटावर बसली. समोर सोपान, गाठोडं सोडून. सगळ्यांच्या देखत त्याने तिचा हात घेतला, अंगठा आत मुडपला आणि जे तो प्रत्येकीला म्हणायचा ते म्हणाला, "बोटं सैल सोड." पुढचं म्हणाला नाही. एकेक हिरवी बांगडी चढत गेली. कुठेच अडली नाही. शेवटची चढली तेव्हा त्याने दोन्ही मनगटं आपल्या हातांत धरली आणि थोडी हलवली, नुसता आवाज ऐकायला.

आत्याबाई काठी बाजूला ठेवून बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात तेच सूप होतं, ज्वारी घातलेलं. त्यांना वाटत होतं, आता तरी तो मूठभर ज्वारी सुपात परत टाकील आणि लेक मागेल. तो तर उलट सवयीने सोगा पसरून बसला. परक्याच्या लेकीचा चुडा भरला, आता कासाराची ज्वारी. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि सूप धोंडीपुढे सरकवलं. थकल्या होत्या त्या. दे बाई तूच, असं हातानेच म्हणाल्या.

धोंडीने मूठ भरून घेतली. नवा चुडा वाजला. ती मूठ सोपानच्या सोग्यावर नेली आणि तिथेच थांबली. मूठ उघडेना. तो खाली मान घालून वाट बघत होता. मग तिने हात मागे घेतला आणि ज्वारी आत्याबाईंच्या सुपात टाकली.

"बापाला कुठं ज्वारी द्यावी लागतीया, बाबा?" ती म्हणाली.

सोपानने झटकन मागे वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं, अंगणातलं ऊन तेवढं होतं. तरी तो बराच वेळ तिकडेच पाहत राहिला. मग तिच्याकडे वळला आणि तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"हळू," तो म्हणाला. "हळू बोल, माय."